हृदय साथ ओसरण्याची वाट पाहत नाही

(ग्वाल्हेर येथे जयेंद्रगंजातील मराठी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



सीमेवरून आलेला माणूस सीमेविषयीच बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज आम्ही मांडणार आहोत ते दुःख प्रांताची सीमा जाणत नाही.

२०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. करोनाने किती माणसे नेली, याचे आकडे आपण रोज वाचले. पण छातीत कळ येऊन घरातच गेलेल्यांची गणना कोणी केली? भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १८७ रुग्णालयांची पाहणी केली. टाळेबंदीच्या काळात झटका येऊन दाखल झालेले रुग्ण आदल्या वर्षापेक्षा ३५.४ टक्क्यांनी घटले होते! मग काय, लोकांची हृदये एकाएकी बळकट झाली? नव्हे. कोणास वाहन मिळाले नाही, कोणास रुग्णालयाचीच धास्ती वाटली. १८९७ च्या प्लेगात पुण्याने रोगी घरात लपविले. सव्वाशे वर्षांनी आपण निराळे काय केले?

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. ती विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांत खरे काम करते. बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. ‘सकाळी पाहू’ हे दोन शब्द येथे प्राणघातक ठरतात.

पुण्यात ससूनची अकरा मजली इमारत, येथे जयारोग्यची सुपर स्पेशालिटी इमारत करोनाग्रस्तांसाठी दिली गेली. ते आवश्यकच होते. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु एका रोगासाठी दार उघडताना दुसऱ्याचे दार लागता कामा नये.

आणि रस्ता? कासरगोडचे रुग्ण उपचारांसाठी मंगळुरास जातात. त्या वेळी कर्नाटकाने ती वाट अडविली आणि केरळ उच्च न्यायालयास मध्ये पडावे लागले. चंदगडचा रोगी बेळगावी येतो, धौलपूरचा आपल्या ग्वाल्हेरीस. नाक्यावर गेलेला त्याचा तास कोणते सरकार परत देणार आहे?

म्हणून आमचे मागणे दोनच गोष्टींचे. पुढील साथीत प्रत्येक मोठ्या रुग्णालयात हृदयरोग्यांसाठी वेगळे दार अहोरात्र उघडे असावे आणि रुग्णवाहिकेस कोणत्याही सीमेवर अडवू नये. हे सरकारचे कर्तव्य झाले. आपले कर्तव्य एवढेच, की कळ आली त्या क्षणी घरातील माणसाने उठावे आणि रोग्यास घेऊन निघावे. भीतीने मिटलेले दार कोणतेही सरकार बाहेरून उघडू शकत नाही.