उतारवयातला डावा-उजवा मेंदू

एकोणिसाव्या शतकातल्या इटलीत बर्तिनो नावाचा एक शेतकरी होता. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडलं, आणि तिथली कातडी नाडीसारखी उडताना दिसू लागली. ट्युरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी ते उडणं कागदावर रेघेने उमटवणारं साधन त्या जागी बसवलं. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि रेघ उंचावली. घंटेवरून प्रार्थनेची आठवण झाली का, असं मोस्सोंनी विचारलं. रेघ पुन्हा उंचावली. मग त्यांनी बारा आठे किती ते विचारलं. बर्तिनो मनात हिशेब करत असताना हाताची नाडी होती तशीच राहिली, मेंदूची मात्र जोरात उडाली. विचार करताना मेंदूकडे जास्त रक्त जातं, हे माणसात दाखवणारी ही पहिल्या नोंदींपैकी एक. मोस्सोंचा यावरचा ग्रंथ 1881 साली निघाला.

मेंदूचं वजन सुमारे 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण त्याला दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त लागतं आणि शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा लागतो. तो साठवून ठेवण्याची सोय मेंदूत नाही, त्यामुळे पुरवठा क्षणोक्षणी चालू राहावा लागतो.

हा पुरवठा करणाऱ्या वाहिन्यांची रचनाच दोन्ही बाजूंना सारखी नाही. डावी कॅरोटिड धमनी थेट महाधमनीच्या कमानीतून निघते, तर उजवी एका सामाईक फांदीतून फुटते. मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या दोन धमन्यांपैकी डावी बऱ्याचदा जाड असते. वर गेल्यावर मेंदूच्या तळाशी या सगळ्या एका कड्यात मिळतात. थॉमस विलिस यांनी 1664 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ‘विलिसचं कडं’ म्हणतात. एका बाजूचं रक्त कमी पडलं, तर दुसऱ्या बाजूचं या कड्यातून वळू शकतं. मात्र कित्येकांचं कडं कुठेतरी अपुरं किंवा अगदी बारीक असतं. तरीही निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना डाव्या-उजव्या प्रवाहात फार मोठा फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो मेंदू कामाला लागल्यावर, आणि तो बाहेरूनच मोजता येतो. रूने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी 1982 साली ध्वनिलहरींनी कवटीबाहेरून रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी करून दाखवली. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वरच्या बाजूला, जिथे कवटी पातळ असते तिथे जेल लावून प्रोब टेकवतात. तो अंशाअंशाने तिरपा करत गेलं की अचानक ठोक्याच्या तालावर ‘हूश्श, हूश्श’ असा आवाज येतो. तो आतल्या धमनीतल्या रक्ताचा. काही ज्येष्ठांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाडातून ध्वनिलहरी आत जात नाहीत. तेव्हा दुसरी तपासणी करावी लागते.

आता दोन्ही कानशिलांवर प्रोब लावून पडद्यावर एक अक्षर दाखवायचं. समजा, ‘क’. त्यावरून मनातल्या मनात शब्द आठवायचे: कणीस, कंदील, करवत. बहुतेकांच्या डाव्या बाजूचा वेग उजव्यापेक्षा जास्त वाढतो, कारण भाषेचं मुख्य काम डावीकडे चालतं. जर्मनीतल्या क्नेख्ट यांच्या गटाने 2000 साली तीनशेहून अधिक लोकांत हे मोजलं. पक्क्या उजखोऱ्यांपैकी 4 टक्क्यांत, तर पक्क्या डावखोऱ्यांपैकी 27 टक्क्यांत भाषेचा भार उजवीकडे निघाला.

वय वाढतं तशा धमन्या ताठर होत जातात आणि मेंदूकडचा प्रवाह हळूहळू घटतो. पण या घसरणीच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्टो कबेझा यांनी 2002 साली तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांना एकच काम दिलं: शब्द आठवायचे, आणि ते ऐकले होते की वाचले होते, ते सांगायचं. सांगताना कपाळामागच्या भागातला रक्तप्रवाह मोजला. तरुणांमध्ये मुख्यतः उजवी बाजू कामाला लागली. स्मरणात मागे पडलेल्या ज्येष्ठांमध्येही तसंच झालं. ज्यांची आठवण शाबूत होती, त्या ज्येष्ठांमध्ये मात्र डावी बाजूही मदतीला आली. एका बैलाला ओढ जड झाली म्हणून दुसरा जुंपावा, तसं.

वयाबरोबर डाव्या-उजव्यातलं अंतर कमी होण्याच्या या प्रवृत्तीला ‘हॅरल्ड’ असं नाव मिळालं. ही भरपाईच आहे, यावर सगळ्या संशोधकांचं एकमत नाही. मेंदूच्या भागांची कामं पूर्वीइतकी नेमकी वाटलेली राहत नाहीत, त्याचीच ही खूण असेल, असं काहींचं म्हणणं. दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत शेजारी-शेजारी घडत असतील, हेही शक्य आहे. इतकं मात्र नक्की, की सत्तरीतला मेंदू म्हणजे पंचविशीतल्या मेंदूची झिजलेली प्रत नव्हे. घरातली वडीलधारी माणसं एखादं नाव आठवायला वेळ घेतात, तेव्हा त्यांच्या तोंडातला शब्द काढून घेण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

डाव्या-उजव्यातली ही वाटणी हळूहळू, वर्षानुवर्षं बदलत जाते. अचानक उद्भवणारा डावा-उजवा फरक निराळा. सकाळी चहा घेताना कप एका हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली, तर तो बहुधा पक्षाघात असतो. मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून थोडं पडून राहा, बरं वाटेल, असं म्हणत बसू नये. महाराष्ट्रात 108 ला फोन करावा, आणि माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी. इंजेक्शन द्यायचं की नाही, याचा हिशेब डॉक्टर त्या वेळेपासूनच धरतात.