मानधनाची भिंत आणि बढतीची शिडी

(अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावरील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. १९७५ साली त्याच दिवशी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही योजना आज सुमारे १४ लाख अंगणवाड्यांपर्यंत पोहोचली आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. त्या प्रत्यक्षात उतरवणाऱ्या सेविका आणि मदतनीस मिळून वीस लाखांहून अधिक स्त्रिया आहेत. शासनाच्या एका योजनेत इतक्या मोठ्या संख्येने स्त्रिया राबतात आणि तरीही शासन त्यांना आपले कर्मचारी मानत नाही, ही वस्तुस्थिती या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

पगाराचा विचार करताना केवळ रुपयांचा हिशेब मांडून भागत नाही. ज्या यंत्रणेत माणूस काम करतो त्या यंत्रणेत त्याचे स्थान कोणते, ते स्थान वाढत्या अनुभवाबरोबर उंचावते की नाही, आणि काम संपल्यावर त्याच्या हाती काय उरते, हे तीन प्रश्न रुपयांइतकेच महत्त्वाचे असतात. अंगणवाडीच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात दडलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘मानधन’.

यंत्रणेची रचना

बालविकास योजनेच्या प्रशासनाची उतरंड साधी आहे. सर्वांत खाली मदतनीस, तिच्यावर सेविका. साधारणपणे २५ अंगणवाड्यांमागे एक मुख्यसेविका, म्हणजेच पर्यवेक्षिका. तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, आणि त्यापुढे जिल्हा व राज्य पातळीवरील अधिकारी. या उतरंडीत मुख्यसेविकेपासून वरच्या प्रत्येक नियमित पदाला वेतनश्रेणी आहे, वार्षिक वेतनवाढ आहे, महागाई भत्ता आहे. मुख्यसेविकेच्या खाली मात्र सहसा यांपैकी काहीही नाही. एकाच योजनेच्या, एकाच कार्यालयाला जोडलेल्या दोन पायऱ्यांमध्ये भिंत उभी आहे. भिंतीच्या वर ‘वेतन’ आणि खाली ‘मानधन’.

या भिंतीची उंची आकड्यांनीच मोजावी. महाराष्ट्रात २०२३ सालच्या जिल्हा परिषद भरतीत पर्यवेक्षिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये होती आणि त्यावर भत्ते वेगळे. त्याच महाराष्ट्रात २०२४ साली, प्रदीर्घ संपानंतर, सेविकेचे मानधन १०,००० वरून १३,००० आणि मदतनिसाचे ५,५०० वरून ७,५०० रुपये करण्यात आले. त्यावर कामाशी बांधलेला प्रोत्साहन भत्ता तेवढा आहे, महागाई भत्ता नाही. म्हणजे लगतच्या वरच्या पायरीचे नुसते मूळ वेतन सेविकेच्या मानधनाच्या अडीचपटीहून अधिक होते. हा फरक जबाबदारीच्या किंवा शिक्षणाच्या फरकातून निर्माण होऊ शकत नाही. तो दर्जाच्या फरकातून निर्माण होतो.

पन्नास वर्षांचा हिशेब

१९७५ साली मॅट्रिक सेविकेला दरमहा १५० रुपये, मॅट्रिक नसलेल्या सेविकेला १०० आणि मदतनिसाला ३५ रुपये ठरले. १९९२ साली मॅट्रिक सेविकेचा दर ४०० झाला, १९९७ साली ५००, २००२ साली १,०००, २००८ साली १,५००, २०११ साली ३,००० आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५००. मदतनिसाचा दर २०१८ साली २,२५० रुपये झाला. त्यानंतर कित्येक अर्थसंकल्प आले आणि गेले, तरी केंद्राचा हा मूळ दर तेथेच थांबला.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. २००८ सालच्या दरानुसार मॅट्रिक सेविकेला पाच वर्षांच्या अनुभवानंतर १,५३१ आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १,५६३ रुपये मिळत. दहा वर्षे हजारो बालकांना वाढवण्याच्या कौशल्याची शासनाने ठरवलेली किंमत दरमहा ६३ रुपये! २०१८ च्या दरात तर तेवढाही भेद राहिला नाही. कालची सेविका आणि तीस वर्षांची सेविका केंद्राच्या कागदावर सारख्याच.

हे ४,५०० रुपयेही केंद्र एकटे देत नाही. बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्यातील खर्चाची वाटणी ६० : ४० अशी आहे. म्हणजे सेविकेमागे केंद्राचा वाटा २,७०० रुपये आणि मदतनिसामागे १,३५० रुपये. त्यावरचा सारा भार राज्यांवर. २०१९ साली केंद्राने किमान वेतनाची राष्ट्रीय तळरेषा म्हणून दिवसाला १७८ रुपये जाहीर केले. महिन्याच्या २६ दिवसांचे ते ४,६२८ रुपये होतात. स्वतः आखलेल्या तळरेषेच्याही खाली केंद्राने आपल्या योजनेतील स्त्रियांना ठेवले, आणि ते कायदेशीर ठरावे म्हणून त्यांना ‘कामगार’ न म्हणता ‘मानसेवी’ म्हटले.

सेवा, की श्रम?

‘अंगणवाडी’ या शब्दाशी मराठी मुलखाचे जुने नाते आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, या विचारातून आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली. पुढे हे कार्य कोसबाडला बहरले. हे सेवाभावी काम होते आणि त्याचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु त्याच वर्षी, त्याच परिसरात वारली शेतमजूर किसान सभेच्या लाल झेंड्याखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हेही विसरता येत नाही. स्वेच्छेने केलेली सेवा आणि सक्तीने करून घेतलेली वेठ यांतील अंतर त्या भूमीने फार जवळून पाहिले आहे. शासनाने सेवेतील शब्द उचलले आणि व्यवहार मात्र वेठीच्या दिशेने नेला.

काम अर्धवेळ आहे, असे उत्तर दिले जाते. प्रत्यक्ष कामाची यादी पाहिली तर हे उत्तर टिकत नाही. बालकांचे वजन व उंची, ताजा आहार आणि घरपोच आहार, गरोदर व स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवसाची तयारी, पूर्वप्राथमिक वर्ग, सर्वेक्षणे, मतदारयाद्यांचे काम. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर भ्रमणध्वनीतून नोंदी आणि २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवण्याचे कामही आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सेविकेवर बालशिक्षणाची जबाबदारी टाकली. बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. शासन तिच्याकडून शिक्षिकेची पात्रता मागते, कारकुनाच्या नोंदी मागते, परिचारिकेची दक्षता मागते. मोबदला देताना मात्र तिला स्वयंसेविका ठरवते.

बढतीचे गणित

२०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत बढतीची तरतूद आहे. सेविकांची निम्मी पदे पाच वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसांतून आणि मुख्यसेविकांची निम्मी पदे पाच वर्षांचा अनुभव असलेल्या सेविकांतून भरावीत, असे त्यात म्हटले आहे. ही चळवळीची जुनी मागणी होती आणि तिचे स्वागतच करावयास हवे. पण तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत.

२५ अंगणवाड्यांमागे एक मुख्यसेविका हे प्रमाण धरले आणि तिची निम्मी पदे बढतीने भरली, तर ५० सेविकांमागे एक पद येते. ज्या काळात ते एक पद रिकामे होईल, त्या काळात उरलेल्या ४९ जणींचे काय? शिवाय मुख्यसेविका होण्यास अनेक ठिकाणी पदवी लागते. दहावीवर रुजू झालेल्या, पाड्यावर आयुष्य घालवलेल्या सेविकेला हे दार बंदच असते. राज्यांनी पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली तर ते एक पदही कागदावरच राहते.

म्हणून बढतीची मागणी एकटी पुरेशी नाही. ती पन्नासातील एकीला भिंतीपलीकडे नेते, भिंत पाडत नाही. शासनाच्या इतर खात्यांत यावर उपाय फार पूर्वीच शोधला गेला आहे. वरचे पद रिक्त नसले तरी ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. महाराष्ट्रात याला आश्वासित प्रगती योजना म्हणतात आणि दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर तिचा लाभ शिपायापासून मिळतो. जे शिपायाला योग्य आहे, ते सेविकेला अयोग्य कसे? तामिळनाडूने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना विशेष कालबद्ध वेतनश्रेणी दिलेली आहे. तेव्हा हे अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

न्यायालयांचा कौल

२००६ साली कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचे पद हे नागरी सेवेतील पद नाही, असा निर्णय दिला. अनेक वर्षे शासनाने तो ढालीसारखा वापरला. परंतु २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला आणि अंगणवाडीतील आहार हा बालकाचा कायदेशीर हक्क बनला. त्याच वर्षी मे महिन्यात पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस केली. शासन, मालक आणि कामगार संघटना या तिन्ही पक्षांच्या परिषदेची ही शिफारस शासनाने बासनात गुंडाळून ठेवली.

२५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. अंगणवाडी आता कायद्याने नेमून दिलेले काम करते आणि ‘मानधन’ हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, हे त्यात मान्य झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

ग्रॅच्युइटीचा अर्थ प्रत्येक सेविकेला समजावून सांगण्यासारखा आहे. अखेरच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावे, म्हणजे सेवेच्या एका वर्षाची ग्रॅच्युइटी निघते. १३,००० रुपयांवर ती वर्षाला ७,५०० होते. तीस वर्षांची सेवा असेल तर २,२५,००० रुपये. ही दया नाही, तीस वर्षे राखून ठेवलेली मजुरी आहे. मात्र न्यायालयाचा निर्णय आपोआप अंमलात येत नाही. प्रत्येक सेविकेचे नेमणूकपत्र, सेवेची वर्षे आणि निवृत्तीची तारीख यांची नोंद संघटनेने ठेवली तरच कायदा कागदावरून घरात येतो.

संपाचे धडे

गेल्या काही वर्षांतील मोठे संप एकच गोष्ट सांगतात. २०२२ च्या आरंभी दिल्लीत, डिसेंबर २०२३ पासून आंध्र प्रदेशात ४२ दिवस आणि ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रात पन्नासहून अधिक दिवस अंगणवाड्या बंद राहिल्या. दिल्लीत आणि आंध्रात अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारण्यात आला. महाराष्ट्रानेही मार्च २०१८ मध्ये तो कायदा अंगणवाडीला लावला होता. विरोधामुळे त्यास स्थगिती द्यावी लागली. येथे शासनाचा अंतर्विरोध उघडा पडतो. पगार मागताना काम ऐच्छिक असते आणि संप पुकारताच तेच काम अत्यावश्यक ठरते! ज्या कामावाचून राज्य चालू शकत नाही, ते काम करणारी स्त्री स्वयंसेविका असू शकत नाही.

तथापि एका अडचणीकडे डोळेझाक करता कामा नये. संपाच्या काळात बंद पडतो तो गरिबाच्या मुलाचा आहार. अधिकाऱ्यांची मुले अंगणवाडीत येत नाहीत. त्यामुळे शासन थांबू शकते आणि शेतमजुराची आई थांबू शकत नाही. जेथे संघटनेने संपापूर्वी मातांच्या सभा घेतल्या, मागण्या त्यांच्या भाषेत मांडल्या, तेथेच वस्ती संपाच्या पाठीशी उभी राहते. सेविका टिकली, शिकली आणि निश्चिंत राहिली तरच मुलाचे वजन वेळेवर तपासले जाते, हे आईला पटवून द्यावे लागते. सेविकेचे वेतन आणि बालकाचे पोषण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

पुढील कार्य

चळवळीपुढील कामे स्पष्ट आहेत. पहिले, निरनिराळ्या राज्यांतील निरनिराळ्या मानधनाने कर्मचाऱ्यांची जी फाळणी केली आहे, तिच्यावर केंद्राच्या वाढीव वाट्याची एकमुखी मागणी हेच उत्तर आहे. दुसरे, वेतनश्रेणी आणि कालबद्ध बढती यांची मागणी मानधनवाढीच्या मागणीच्या मागे न ठेवता तिच्या बरोबरीने मांडली पाहिजे. तिसरे, मदतनीस ते सेविका आणि सेविका ते मुख्यसेविका या बढत्यांची रिक्त पदे जिल्हावार मोजून ती भरण्यास प्रशासनास भाग पाडले पाहिजे. अनुभवी सेविकांना सेवेत असतानाच पदवी घेण्याची सवलत मागितली पाहिजे. चौथे, ग्रॅच्युइटीचे दावे निवृत्तीच्या आधीच तयार ठेवले पाहिजेत. आणि पाचवे, मदतनिसाला प्रत्येक मागणीत सेविकेच्या बरोबरीने स्थान दिले पाहिजे. भिंतीच्या सर्वांत तळाशी ती उभी आहे, आणि तिचा दर वाढल्याखेरीज कोणाचाही दर टिकणार नाही.

मानधनात दोन-तीन हजारांची भर पडणे हा विजयच आहे. तो लढूनच मिळालेला आहे. पण पुढच्या महागाईत ती भर विरून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून लढावे लागते. वेतनश्रेणी मिळाली तर वाढ दरवर्षी हक्काने येते. पन्नास वर्षे शासनाने जे नाव नाकारले, ते ‘कर्मचारी’ हे नाव मिळवणे हाच म्हणूनच या लढ्याचा गाभा आहे.