लोणारच्या रानातून पायी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या फाल्गुनात आपल्या मंडळातल्या आम्ही सातजणी देवगाव फाट्यावरून मंठामार्गे लोणारला गेलो, ही बातमी गावभर झालीच आहे. पुष्कळांना वाटले, बायका देवदर्शनाला गेल्या. दर्शनही घडले, पण आम्ही गेलो होतो चालायला. प्रत्येकीच्या पाठीवर पिशवी. तीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चादर नि पाण्याची बाटली. डोक्यावर हंडा घेऊन चालायची आपल्याला सवय. पाठीवरचे ओझे सांभाळायचे कसे, हे पहिला तासभर कळेना!

पहिल्या दिवशी वरच्या काठाकाठाने हिंडलो. हा खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. आकाशातून उल्का काळ्या खडकावर आदळून तो झाला. अलीकडचा अंदाज ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा आहे. रात्री गावात मुक्काम केला आणि सकाळी धारेपाशी हातपाय धुऊन खाली उतरलो.

उतारावरचे रान पाहून मन खट्टू झाले. सागाला पान नाही, पायाखाली नुसता चुरचुर आवाज. धाकटी म्हणाली, "सगळे मेले की हो!" मेले नव्हते. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पानेच टाकून देतात. तेवढ्यात एक पळस दिसला, निष्पर्ण आणि नखशिखान्त केशरी. त्यावर मैनांची ही झुंबड! पलीकडे मोर ओरडत होता, वानरे आमच्या पिशव्यांकडे डोळे लावून बसली होती.

काठाशी बाभळी, त्यापुढे चिखलात लांब लाल पायांच्या शेकाट्या. सरोवराच्या पाण्यात बोट बुडवले तर धुण्याच्या सोड्यासारखे बुळबुळीत लागले. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून खार वाढला नि खारात जगणारे सूक्ष्म जीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले.

कमळजादेवीचे दर्शन घेऊन परतताना चढावर मोठ्या काकू एकाएकी खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, ओठ कोरडे. त्यांची बाटली पाहिली तर सकाळी भरली तशीच! ऊन तापलेले, आमच्या बाटल्या संपत आलेल्या, आणि ह्या बाईंनी घोटभरही घेतले नव्हते. कारण सांगायला संकोच वाटतो, पण इथे आपण सगळ्या बायकाच आहोत. पाणी प्यावे तर जायचे कुठे? पानगळीच्या रानात आडोसा नाही आणि वाटेवर पुरुषमाणसांची ये-जा. काकू म्हणाल्या, "लग्नापासून प्रवासात अशीच राहत आले ग."

मला रागही आला आणि रडूही. कारण आम्ही उरलेल्या सहाजणींनीही दुपारपर्यंत जेमतेम चार घोट घेतले होते, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपणच तेवढ्या लाजतो. काकूंना सावलीत बसवून थोडे थोडे पाणी पाजले. मग एका चादरीची दोन टोके दोघींनी धरली, पाठ फिरवली, आणि एकेक जाऊन आली. केवढ्या हसलो म्हणून सांगू! तासाभराने काकू आपल्या पायांनी वर आल्या, आणि धारेखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्याल्या.

पुढची फेरी मार्गशीर्षात ठरते आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. आडोशाची गडद रंगाची मोठी चादर काकू स्वतःच आणणार आहेत.