कोंडवाड्यात जागा कोणाला?

गुरांचा कोंडवाडा खेड्यापाड्यांतल्या माणसांना समजावून सांगायला नको. 1871च्या कायद्यापासून त्याची रीत ठरलेली आहे. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर आत घालायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचं आणि मुदतीत कोणी फिरकलंच नाही तर लिलाव. ही व्यवस्था टिकली, कारण आत आलेलं जनावर थोड्या दिवसांत बाहेर पडतं. रस्त्यावरची कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा, अशी मागणी होते तेव्हा नेमकं हेच विसरलं जातं. गल्लीतल्या कुत्र्याला सोडवायला कोणी येणार नाही. ते आत गेलं की मरेपर्यंत आतच. म्हणून माझं म्हणणं असं, की निवाऱ्यातली मोजकी जागा घर सुटलेल्या पाळीव कुत्र्यांसाठी, आजारी आणि खरोखर चावऱ्या कुत्र्यांसाठी राखून ठेवावी. बाकीच्यांची नसबंदी करावी, त्यांना लस टोचावी आणि त्यांच्या कोपऱ्यावर परत सोडावं.

साधा हिशेब करून पाहा. मुंबईत 2014च्या गणनेत भटकी कुत्री सुमारे 95 हजार भरली, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत सुमारे 90 हजार. पाचशे कुत्र्यांचा एक निवारा धरला तर असे 180 निवारे हवेत, म्हणजे महापालिकेच्या प्रत्येक विभागात सुमारे सात. जिथे दवाखान्याला जागा मिळत नाही तिथे ही जमीन कुठून आणणार? रोज कुत्र्यामागे अर्धा किलो शिजवलेलं अन्न धरलं तर 45 टन लागेल. शिवाय दाटीवाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे रोग पसरतात आणि भांडणं वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. अकराच दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची, नसबंदी आणि लसीकरण झाल्यावर, पकडलेल्या ठिकाणी परत सोडावीत, असं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून पकडलेली कुत्री तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. त्यांच्यासाठी निवारा लागणारच. म्हणजे जागेची ओढाताण वाढली आणि ती कोणाला द्यायची हा प्रश्न आणखी टोकदार झाला.

मग मारून का टाकू नयेत, असं कोणी उघड, कोणी दबक्या आवाजात विचारतं. मुंबईने तेही करून पाहिलं आहे. 1832मध्ये कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाजाने शहरात दंगल केली. दोनच वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढेही हत्या थांबली नाही. विजेचा झटका देऊन कुत्री मारणं 1994पर्यंत चालू होतं आणि तरीही कुत्री संपली नाहीत. जागा रिकामी झाली, कचरा तसाच राहिला, की शेजारच्या गल्लीतली कुत्री तिथे येतात आणि पुढच्या वर्षी पिल्लांचा नवा घोळका दिसतो. यावर कोणी म्हणेल, की नसबंदी करूनही दहा वर्षांत पाचच हजार कमी झाली, मग तिचा तरी काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. पण कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, वर्षाला एक-दोन वेतं. एखाद्या भागातली 70 टक्के कुत्री थोड्या काळात नसबंद झाली नाहीत तर उरलेल्या माद्या भर काढतात. निविदा लांबली, वर्षभर काम थांबलं, की आधीचा खर्च पाण्यात. दोष शस्त्रक्रियेचा नसून तुटक कामाचा आहे.

काम कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. जाळ्यात कुत्रं धरताना गल्ली, खांब, वेळ याची नोंद करावी लागते, कारण परत सोडायचं ते तिथेच. भूल उतरण्याआधी कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडतात, म्हणजे पुढच्या फेरीत तेच कुत्रं पुन्हा पकडलं जाऊ नये. देखरेख समिती काढलेल्या अवयवांची मोजदाद करते, कागदावरच्या नसबंद्या पकडण्यासाठी. जिच्या मुलाला कुत्रं चावलं त्या आईला हे ऐकून समाधान होणार नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. पण तिची सर्वांत मोठी भीती रेबीजची, आणि त्या भीतीवरचं उत्तर गोव्यात दिसलं. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून दरवर्षी रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि 2021मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यासाठी सगळी कुत्री कोंडावी लागली नाहीत.

आता पाळीव कुत्र्यांकडे येतो. बदली झाली, कुत्रं म्हातारं झालं, घरमालकाने हरकत घेतली, की लॅब्रॅडोर एखाद्या महामार्गावर उतरवून दिला जातो. त्याला ना वाहतूक ठाऊक, ना गल्लीतल्या टोळीचे नियम. परत सोडण्याचा नियम त्याच्या कामाचा नाही; त्याला खरोखर निवारा हवा, आणि कोंडवाड्यातल्या जनावरासारखा त्याचा मालकही शोधायला हवा. पण प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960च्या कायद्यात जनावर सोडून देण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आज पट्टासुद्धा येत नाही. मालक शोधण्याची सोय मात्र कागदावर आहे. 2017च्या श्वानपैदास नियमांनुसार विक्रीच्या पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप हवी. नोंदणीची सक्ती म्हणजे सरकारी जाच, असं कुत्री पाळणाऱ्यांना वाटतं. दुचाकीची नोंदणी मात्र कोणाला जाच वाटत नाही. महापालिकांनी परवाना देताना चिपचा क्रमांक नोंदवला आणि कुत्री पकडणाऱ्या प्रत्येक गाडीत तो वाचणारं यंत्र ठेवलं तर टाकून देणाऱ्याच्या दारापर्यंत पोचता येईल. यंत्रच नसेल, तर घरातून हाकललेला जर्मन शेफर्डही कानाला खाच पाडून घेऊन त्याच महामार्गावर परत सोडला जाईल.