ऑइल हाही इंजिनाचाच एक भाग

डिझेल गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये ठरलेले प्रश्न विचारतो. ॲव्हरेज किती, पिकअप कसा, सर्व्हिसिंगला खर्च किती. हिच्यात ऑइल कोणत्या दर्जाचं लागतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ऑइल म्हणजे किरकोळ खर्चाची बाब, वायपरच्या पाण्यासारखी, अशी आपली समजूत असते. टर्बो-डिझेल इंजिनाच्या बाबतीत ती चुकीची आहे. पिस्टन किंवा क्रँकशाफ्टइतकंच ऑइल हाही त्या इंजिनाचा काम करणारा भाग आहे आणि इंजिन किती टिकेल हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरतं.

हे पटण्यासाठी आपल्या ओळखीचंच एक इंजिन घेऊ. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट. 2003 साली युरोपात आलेलं हे इंजिन पुढे पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला बनू लागलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत तेच बसत असल्यामुळे मोटारींवर लिहिणारे त्याला गमतीनं देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. क्षमता 1248 सीसी, सिलिंडरचा व्यास 69.6 मिलिमीटर. म्हणजे एकेक पिस्टन चहाच्या कपाएवढा. त्यातून स्विफ्टला 75 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन-मीटर टॉर्क मिळायचा. शेजारी 1998 ची पहिली डिझेल इंडिका ठेवा. तिचं टर्बो नसलेलं इंजिन आकारानं मोठं, 1405 सीसीचं, पण ताकद सुमारे 54 अश्वशक्ती आणि टॉर्क 85 न्यूटन-मीटर. लहान इंजिनानं दुपटीहून जास्त टॉर्क दिला तो दोन गोष्टींमुळे. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, आणि कॉमन रेल या सामाईक नळीतलं डिझेल वातावरणाच्या सोळाशे पट दाबानं, एकेका स्फोटासाठी पाच वेळांपर्यंत, धुक्यासारखं आत फवारलं जातं.

या ताकदीची किंमत ऑइल मोजतं. लहान टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाते. ती कशावर फिरते? बॉलबेअरिंगवर नव्हे, बहुतेक गाड्यांत ती ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असते. तिच्या एका टोकाला कमालीचा तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची थंड हवा, आणि मधे तो थर. घाटातून जोरात चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं, की पंप थांबतो, दांडीजवळ उरलेलं ऑइल जळतं आणि त्याचा कोळसा होतो. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवावं म्हणतात ते एवढ्याचसाठी. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी मल्टिजेटची टायमिंग चेनही तशीच ऑइलवर अवलंबून. रबरी पट्ट्याऐवजी साखळी असल्यामुळे ती बदलायची भानगड नाही, असं मोठ्या कौतुकानं सांगितलं जायचं. पण ही साखळी ताणून धरणारा भाग ऑइलच्याच दाबावर चालतो. काजळीनं भरलेलं जुनं ऑइल साखळीच्या पिना झिजवतं, साखळी लांबते, आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येते. त्याकडे दुर्लक्ष झालं तर साखळी दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. सगळा दोष साखळीला दिला जातो. खरी उपासमार ऑइलची झालेली असते.

यावर जुनी माणसं म्हणतील की पूर्वीच्या जीपना आणि टेम्पोंना कुठलंही ऑइल चालायचं, ती इंजिनं काय बंद पडली? नाही पडली. पण त्यांच्यात टर्बो नव्हता, त्यांची साखळी किंवा गिअर जाडजूड होते, आणि त्यांच्याकडून अपेक्षाही कमी होती. काळा धूर सोडत निम्म्या ताकदीवर चालणं याला आपण टिकाऊपणा म्हणत होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. याच मल्टिजेटच्या टॅक्सी कसलेही लाड न होता दोन-तीन लाख किलोमीटर चालल्या, त्याचं काय? टॅक्सीचा दाखला खरा आहे, मात्र तो माझ्याच बाजूचा आहे. टॅक्सी सकाळी एकदा थंड सुरू होते आणि दिवसभर गरम राहते. इंजिनाची झीज थंड सुरुवातीच्या क्षणी सर्वांत जास्त होते, कारण ऑइल वरून निथळून खाली तळाशी बसलेलं असतं. शिवाय रोज दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल दोन-अडीच महिन्यांत बदलण्याची वेळ येतेच. उलट सोसायटीच्या आवारात उभी असलेली, वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी, झाडूनपुसून ठेवलेली गाडी घ्या. मालक म्हणतो, चाललीच कुठे, सर्व्हिसिंग पुढच्या वर्षी करू. पण कंपनीच्या पुस्तिकेत दहा किंवा पंधरा हजार किलोमीटरच्या शेजारीच ‘किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं, आणि ते उगाच नसतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आलं आणि धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसला. मल्टिजेटनं आपल्या देशात याच टप्प्यावर निरोप घेतला; ऑइलचा प्रश्न मात्र आणखी नाजूक झाला. फिल्टर भरला की इंजिन जादा डिझेल सोडून सुमारे सहाशे अंशांवर ती काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी काही मिनिटं सलग वेगात चालावी लागते. शाळा, भाजी मंडई, घर अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहतं आणि न जळलेलं थोडं डिझेल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहिली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते. मालक खूश होतो, ऑइल जराही कमी झालं नाही म्हणून. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं. बोटावर चोळून वास घेतला तर डिझेल ओळखू येतं. भरीला, स्वस्त ऑइलमधली राख जळून जात नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं, आणि डब्यावरचा नुसता दाटपणाचा आकडा जुळवून भागत नाही.

एवढी नाजूक यंत्रं बनवलीच कशाला, ही तक्रार मला निम्मी मान्य आहे. विकताना हायवेवरचं ॲव्हरेज सांगायचं आणि गिऱ्हाईक गाडी रोज किती चालवणार हे विचारायचंच नाही, ही विकणाऱ्यांची लबाडी आहे. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्यानं पेट्रोल गाडी घ्यावी, हे विकणाऱ्यांनीच सांगायला हवं. पण काजळी शेजाऱ्याच्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून बसवलेल्या फिल्टरला मी दोष देणार नाही.

जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यानं किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. ऑइल बदलल्याची बिलं तारखांसह मागावीत. डिपस्टिक पाहावी. आणि इंजिन सुरू करायला सांगण्याआधी बॉनेटवर हात ठेवून बघावा. मालकानं आपण येण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलं असेल तर दिलेला चहा घ्यावा, आणि थंड इंजिन ऐकायला दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता, पुन्हा जावं.