काचेचा डबा नको, आतलं सामान बघा

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज बोलायचंय तयार डेस्कटॉप कॉम्प्युटर घेण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हा पोरांचा विषय, आपलं त्यात काय काम? पण हप्ता कोण भरतं? आपणच ना! मग विचारायचा हक्कही आपलाच.

माझ्या थोरल्या जावेच्या घरची गोष्ट सांगते. पुतणीनं डिझाइनचा कोर्स केला. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आपल्या गटाच्या मसाल्याची लेबलं, अशी कामं तिला मिळू लागली. धाकट्या पुतण्याला गेमचा नाद. दोघांचं भागेल असा एकच कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. जाऊबाईंनी गटातून ४५ हजारांचं कर्ज काढलं. दुकानदार म्हणाला, "ताई, आय-सेव्हन आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, डोळे झाकून न्या." काचेचा डबा, आत रंगीबेरंगी दिवे. सगळे खूश.

पंधरा दिवसांत रडगाणं सुरू झालं. मोठा फ्लेक्स उघडला की मशीन अडकायचं. पुतणीच्या सरांनी तपासलं, तर आय-सेव्हन खरं, पण २०१२ सालचं! भांडायला गेलो, तर बिलावर एकच ओळ : 'गेमिंग कॉम्प्युटर, १ नग'. दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन सांगितलं, आय-सेव्हनच दिलं." आमचं तोंड बंद. हप्ते मात्र चालूच राहिले.

बैलाची शिंगं रंगवली म्हणून तो जास्त ओढत नाही, हे आपल्याला कळतं. तसंच इथंही आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी काय विचारायचं, ते लिहून घ्या.

पहिली गोष्ट प्रोसेसर. आय-फाइव्ह, आय-सेव्हन एवढंच ऐकून थांबू नका, पुढचा आकडा विचारा. आमच्या डब्यातला होता आय-सेव्हन ३७७०, म्हणजे तिसरी पिढी. आय-फाइव्ह १२४०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. हा 'फाइव्ह' त्या जुन्या 'सेव्हन'पेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघतो ना आपण, तसा हा आकडा बघायचा.

दुसरी गोष्ट रॅम आणि एसएसडी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. मोठा असला की एकदम चार भांडी मांडता येतात. डिझाइन आणि गेम, दोन्हींसाठी १६ जीबी रॅम घ्या. ८-८ च्या दोन पट्ट्या असल्या तर काम जलद होतं. एसएसडी म्हणजे सामान ठेवायचं फडताळ. ते निदान ५१२ जीबीचं हवं.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, म्हणून खरं काय ते ऐका. पत्रिका, लेबलं, फ्लेक्स एवढ्या कामाला महागडं कार्ड लागत नाही. त्याला चांगला प्रोसेसर, रॅम आणि चांगला पडदा लागतो. मोठे गेम, थ्रीडी आणि व्हिडिओचं जड काम असेल तर कार्ड हवंच. पोरगा म्हणाला, "आई, ताईच्या कामाला भारीतलं कार्ड लागतं," तर हसून विचारा, "ताईच्या कामाला की तुझ्या गेमला?" गेमसाठी घ्यायला हरकत नाही, पण घेतोय कशासाठी ते घरात स्पष्ट असावं. आणि कार्ड नुसत्या जीबीवर घेऊ नका. जीटी ७३० हे जुनं कार्ड ४ जीबीचंही मिळतं, पण आजचे मोठे गेम त्याला झेपत नाहीत. कार्डाचं पूर्ण नाव विचारा.

पैसे कमी असतील तर आधी कामापुरता कॉम्प्युटर घ्या, कार्ड नंतर बसवा. मात्र तशी सोय आहे का, ते आधीच विचारून ठेवा. काही लहान डब्यांत आतला वीजपुरवठा इतका छोटा असतो की पुढे मोठं कार्ड चालत नाही. पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा आणि किती वॅटचा, हेही लिहून घ्या.

चौथी गोष्ट पडदा, म्हणजे मॉनिटर. सांगितलेल्या किमतीत तो आहे की वेगळा, हे विचारा. डिझाइनसाठी आयपीएस पडदा बरा, त्यात बाजूनं बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. नाहीतर पडद्यावर दिसतो हळदीचा पिवळा आणि छापून येतो भलताच!

पाचवी गोष्ट आपल्याकडची वीज. यूपीएससाठी थोडे पैसे बाजूला ठेवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मोठं कार्ड असेल तर त्याहून मोठा लागेल. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आता दुकानात करायची एक सोपी परीक्षा. कॉम्प्युटर चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स, सगळ्यांची माहिती समोर येते. ती बिलाशी ताडून बघा. घरी आल्यावर पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावा. मुख्य बोर्डाला लावली तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. त्यावर प्रत्येक भागाचं नाव, क्रमांक आणि वॉरंटी हवी. विंडोज अस्सल आहे का, तेही लिहून घ्या. फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण हातात कागद असेल तरच बोलण्याला वजन येतं.

पुतणीनं त्याच जुन्या मशीनवर छोटी छोटी लेबलं करून कर्ज फेडलं. पुढच्या वेळी यादी घेऊन मी स्वतः तिच्यासोबत गेले. या डब्यात एकही दिवा नाही, पण काम अडत नाही. दिवसा ताईचं काम आणि रात्री तासभर भावाचा गेम, असा घरचा करार आहे.

आमच्या गटानंही ठराव केलाय : कॉम्प्युटरसाठी कर्ज हवं असेल, तर दोन दुकानांची कोटेशनं आणायची, आणि त्यांत प्रत्येक भागाचं नाव हवं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. येते, नमस्कार!