उपकरण एक, उपयोग अनेक

वाहते रक्त थांबविणे ही शस्त्रवैद्याची फार जुनी कसोटी आहे. सुश्रुतसंहितेत त्यासाठी चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखम सांधावी, थंडाव्याने रक्त गोठवावे, भस्माने ते सुकवावे, आणि या तिन्ही उपायांना यश न आले तर अखेरीस डाग द्यावा, असा तेथील क्रम आहे. डाग देण्याची सळई वैद्याच्या हाती असली, तरी ती केव्हा उचलावयाची हे शास्त्राने ठरवून दिले होते. साधनाला मान्यता देणे ही एक गोष्ट आणि त्याच्या विशिष्ट उपयोगाला मान्यता देणे ही दुसरी, हा भेद त्या क्रमात मुळापासून आहे. आजच्या वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याचा गाभाही हाच भेद होय.

तापविलेल्या सळईची जागा विसाव्या शतकात विजेने घेतली. 1926 साली बॉस्टन येथे हार्वी कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्याने विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले विजेचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरले आणि रक्तस्रावाच्या भीतीने अर्धवट सोडून द्याव्या लागणाऱ्या गाठी काढणे त्यामुळे शक्य झाले. पुढे 1957 मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण पुढे आणली. पोट न फाडता अन्ननलिका, जठर आणि आतडे यांच्या आत पाहता येऊ लागले. जेथे पाहता येते तेथे डागही देता यावा, ही इच्छा मग स्वाभाविकच होती.

या इच्छेतून जन्मलेल्या साधनांपैकी एक म्हणजे अमेरिकेत 'हॅलो' आणि नंतर 'बार्क्स' या नावाने ओळखले गेलेले उपकरण. दुर्बिणीच्या टोकावर बसविता येणाऱ्या एका छोट्या पट्टीवर अगदी जवळजवळ विद्युत्-अग्रे मांडलेली असतात. ही पट्टी आतील अस्तराला टेकवून रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा प्रवाह क्षणभर सोडला, की तेवढ्या जागेतील पेशी भाजून निघतात आणि रक्त साकळते. डाग एक मिलीमीटरहूनही कमी खोल जातो. आतड्याची भिंत काही मिलीमीटरच जाड असल्याने या उथळपणाला मोठी किंमत आहे. डाग खोल गेला, तर रक्त थांबविण्याच्या प्रयत्नात आतड्याला भोक पडावयाचे.

या उपकरणाची कीर्ती झाली ती 'बॅरेटची अन्ननलिका' या विकारामुळे. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, तर अन्ननलिकेचे अस्तर पालटते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. अशा 127 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्यांपैकी 77.4 टक्के रुग्णांचे पालटलेले अस्तर वर्षभरात पूर्ण नाहीसे झाले होते. उपचाराचा केवळ देखावा केलेल्या गटात हे प्रमाण 2.3 टक्के होते. सहा टक्के रुग्णांची अन्ननलिका मात्र अरुंद झाली.

हे आकडे अन्ननलिकेविषयी बोलतात. जठराविषयी किंवा गुदाशयाविषयी ते काहीही सांगत नाहीत, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

जठराच्या खालच्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून त्यांचे तांबडे पट्टे उमटतात, असा एक विकार आहे. ते पट्टे कलिंगडावरील रेघांसारखे दिसतात, म्हणून डॉक्टर त्याला 'कलिंगडी जठर' असे म्हणतात. रक्त थेंबाथेंबाने जाते. रुग्ण पांढराफटक पडतो, जिना चढताना धापा टाकतो, आणि त्याला पुनःपुन्हा रक्त द्यावे लागते. दुसरा विकार किरणोपचारानंतरचा. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरण देताना शेजारच्या गुदाशयालाही त्यांची झळ लागते. कर्करोग बरा होतो, परंतु काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचावाटे रक्त जाऊ लागते. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत फार आढळतो आणि किरणोपचार हा त्यावरील एक मुख्य इलाज आहे. त्यामुळे ही व्यथा आपल्याकडील रुग्णालयांनाही परिचयाची आहे. मृत्यूच्या दारातून परतलेल्या स्त्रीने पुन्हा रक्त पाहावे, यापरता मनाचा धीर खचविणारा प्रसंग कोणता?

या दोन्ही विकारांत रक्तस्राव पसरट असतो आणि उथळ डागाची पट्टी त्याला सोयीची पडते. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाच्या मान्य उपयोगांत या दोन विकारांचाही समावेश होऊ दिला. बातमीत अशी गोष्ट एका ओळीत येते : 'उपकरणाच्या विस्तारित उपयोगास परवानगी'. त्या ओळीचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा.

अमेरिकेत उपकरणांविषयीचा मुख्य कायदा 1976 साली झाला. त्याने उपकरणांचे धोक्यानुसार तीन वर्ग पाडले. मधल्या वर्गातील बहुतेक उपकरणांना प्रत्येक वेळी मोठी चाचणी करून दाखवावी लागत नाही. आपले उपकरण आधीपासून कायदेशीर रीतीने विकल्या जाणाऱ्या एखाद्या उपकरणाशी 'सारतः तुल्य' आहे, एवढे निर्मात्याने सिद्ध करावयाचे असते. उद्दिष्ट तेच असावे, आणि रचना वेगळी असल्यास तिच्यामुळे सुरक्षिततेविषयी नवे प्रश्न उपस्थित होऊ नयेत, ही अट. उपयोगात महत्त्वाची भर घालावयाची तर प्रशासनाचे दार पुन्हा ठोठवावे लागते.

तेथील डॉक्टर आपल्या विवेकाने मान्य उपयोगांबाहेरही उपकरण वापरू शकतो, कायदा त्याचा हात धरत नाही. बंधन आहे ते निर्मात्यावर. यादीत नसलेल्या उपयोगाचा प्रचार त्याला करता येत नाही. म्हणजे विस्तारित परवानगीने डॉक्टरला नवे साधन मिळते असे नव्हे. त्या उपयोगाविषयी छापील सूचना देण्याची मुभा निर्मात्याला मिळते आणि त्या सूचनांची जबाबदारीही त्याच्यावर येते.

या पद्धतीवर टीका झाली आहे, आणि ती निराधार नाही. तुल्यतेचा अर्थ सुरक्षितता असा होत नाही. जुन्या उपकरणाचीच पुरेशी परीक्षा झालेली नसेल, तर त्याच्या तोलामोलाचे नवे उपकरण किती विश्वासार्ह मानावयाचे? याच मार्गाने बाजारात आलेला, धातूवर धातू फिरणारा एक कृत्रिम खुबा 2010 साली जगभरातून परत घ्यावा लागला. 2011 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने हा मार्ग बदलावा अशी स्पष्ट शिफारस केली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. प्रत्येक लहान भर घालण्यासाठी वर्षानुवर्षांची चाचणी मागितली, तर विरळ विकारांच्या रुग्णांना वाट पाहण्यातच आयुष्य घालवावे लागेल.

तुल्य असे जुने उपकरणच नसेल, तर अधिक पुरावा मागितला जातो. रक्तस्रावावर फवारावयाच्या 'हेमोस्प्रे' या खनिज भुकटीला मे 2018 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, तेव्हा 228 रुग्णांची माहिती आणि प्रसिद्ध लेखांतील आणखी 522 रुग्णांचा अनुभव तपासला गेला. 95 टक्के रुग्णांचे रक्त पाच मिनिटांत थांबले. तथापि 20 टक्के रुग्णांत तीस दिवसांच्या आत ते पुन्हा वाहू लागले, आणि सुमारे एक टक्का रुग्णांत आतड्याला भोक पडण्यासारखे गंभीर अपाय झाले. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांच्या रक्तस्रावासाठी ही भुकटी नाही, हेही परवानगीतच नमूद झाले. यशाचा आकडा, अपयशाचा आकडा आणि निषिद्ध प्रसंग ही तिन्ही एकत्र सांगितली जातात, तेव्हाच परवानगीला अर्थ येतो.

भारतातही वैद्यकीय उपकरण नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. उपकरणाचा अभिप्रेत उपयोग बदलणे हा त्या नियमांनी 'मोठा बदल' मानला असून त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. हा नियम कागदावर रुक्ष दिसतो. परंतु दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला त्यातून एक साधा प्रश्न विचारण्याचा आधार मिळतो : 'डॉक्टर, हे यंत्र माझ्या या दुखण्यासाठी मान्य झाले आहे काय? आणि नसेल, तर ते वापरण्यास कोणता अनुभव पाठीशी आहे?' या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावणार नाही. डाग देण्यापूर्वी तोच प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला असेल.